भंडारा-गोंदियाचा तलाव पट्टा: तीन दिवसांत काय बघावं?

पेठेतला_भटक्या: दिवाळीनंतर बाबांना घेऊन नागपूरला येतोय, हाताशी तीन दिवस आहेत. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय 74. धरणं आयुष्यभर पाहिली, आता म्हणतात जुने तलाव दाखव. कुठे राहावं, कुठल्या गावात काय बघावं? आणि हे ‘मामा तलाव’ काय प्रकरण आहे? कुणाचे मामा?

धानाचा_बांध: कोणाचेच नाहीत भाऊ. माजी मालगुजारी तलाव, त्यातला ‘मा’ अन् ‘मा’. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, नावात मात्र मालगुजार राहून गेला. मोठे पाटबंधाऱ्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. तुझ्या बाबांना हे माहीत असेल, विचारून बघ.

मुक्काम नवेगावबांधला कर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीच्या पाळीनं बुजवून हा तलाव केला. गावाच्या नावातला ‘बांध’ तोच. शिवनीबांध, सिरेगावबांध ही नावंही तशीच. कोलू पाटलांचा पुढे देव झाला, कोलासूर. सातबहिणी डोंगराजवळ काठावर त्यांचं ठाणं आहे. तलाव बांधणाऱ्याला देव करणारी माणसं आहोत आम्ही, म्हणून आधी तिथं जा, मग सफारीबिफारी.

पेठेतला_भटक्या: बाबांचा लगेच प्रश्न: पाणी सोडायची सोय काय होती?

धानाचा_बांध: तुडूम. पाळीच्या आतल्या अंगाला पायरीपायरीनं भोकं, त्यांना लाकडी गुट्टे, म्हणजे बुचं. पाणी उतरेल तसं खालच्या भोकाचा गुट्टा काढायचा, पाणी पाळीखालून पाटात. म्हणजे नेहमी वरचं, कोमट पाणी आधी धानाला जातं. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी गेट बसलेत. जुनं तुडूम बघायचं असेल तर मोठा तलाव सोड, एखाद्या खेड्यातला लहान तलाव गाठ अन् पाळीवर बसलेल्या म्हाताऱ्याला विचार. तो दाखवेल, वर तासभर बोलेल. गाळ अन् बेशरमाची झुडपंही दिसतील, त्याची तयारी ठेव.

वैनगंगा_काठ: सगळे नवेगावलाच पाठवतात. पवनी कोणी सांगत नाही! वैनगंगेच्या काठचं गाव, पण इतिहास पार मौर्य-सातवाहनांपर्यंत जातो. 1969-70 मध्ये जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं अन् मोठा स्तूप निघाला. बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं कोरीव शिल्पही इथलंच. किल्ल्याची तटबंदी अन् खंदक आहे, पंचमुखी गणपती आहे, विदर्भाच्या अष्टविनायकांतला. शेजारी गोसेखुर्द धरण आहेच, तिथं बाबा तुला दोन तास हलू देणार नाहीत. बुडालेल्या गावांचंही त्यांना विचार, धरण बांधणाऱ्या खात्यातला माणूस काय म्हणतो ते ऐकण्यासारखं असेल.

धानाचा_बांध: पवनीला ना नाही. पण टेकडीवर आता बघायला थोडंच आहे, आधी वाचून जावं लागतं. न वाचता गेलेला माणूस ‘इथं काय आहे’ म्हणत परत येतो.

वैनगंगा_काठ: अन् नवेगावला न वाचता गेलेला बोटीत बसून सेल्फी काढून येतो. 😄

सारस_सखी: पक्ष्यांसाठी एक सकाळ गोंदियाकडच्या परसवाड्याला ठेवा. राज्यात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरलेत. नर-मादी मिळून ओरडतात ते एकदा कानावर पडलं की विसरत नाही. बांधीत (धानाच्या शेतात) उतरू नका, शेतकऱ्याचं धान कापणीला आलेलं असतं. नवेगावला मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना राहिलेत, हे वाचणाऱ्या माणसाला सांगायला नकोच.

धानाचा_बांध: मग असं कर. पहिला दिवस नागपूर, पवनी, मुक्काम भंडारा. दुसरा दिवस साकोलीवरून नवेगाव. तिसऱ्या दिवशी सकाळी इटियाडोह धरण, गोठणगावची तिबेटी वसाहत, जमलं तर प्रतापगड (देऊळ अन् दर्गा, दोन्ही). परसवाडा उलट्या टोकाला आहे, तो या वेळी सोड.

सारस_सखी: सोडू नका हो.

पेठेतला_भटक्या: बाबांनी परसवाडा काटलाय, माफ करा ताई. त्यांना दोन्ही दिवस तुडूमच हवंय. रात्री काही असतं का तिकडे?

वैनगंगा_काठ: भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते, भाजीची नाही, जत्रा. दिवसा दंडार (आमचं लोकनाट्य), रात्री नाटक, पहाटेपर्यंत. कोणत्या गावी कधी ते चहाच्या टपरीवर विचार. बाबांसाठी जाड शाल अन् बसायला एक घडीची खुर्ची घे. धान कापलेल्या बांधीत मंडप असतो, मध्यरात्रीनंतर खालून गारवा चढतो.