तीस धावा मोठ्या की सलग चार होमरन?

निळी टोपी:
मेजर लीग बेसबॉलमधली संघाची सर्वात मोठी फटकेबाजी कोणती, या प्रश्नावर बहुतेक जण टेक्सास रेंजर्सचं नाव घेतात. २२ ऑगस्ट २००७, बाल्टिमोर, ३०-३. १९०० नंतर दुसऱ्या कुणाला एका सामन्यात तीस धावा जमलेल्या नाहीत, हे मान्यच. तरी माझं मत १८ सप्टेंबर २००६ च्या डॉजर्सना.

लॉस एंजेलिसमधला सामना, समोर सॅन डिएगो पॅड्रेस. गटात पहिलं कोण, यात दोघांमध्ये फक्त अर्ध्या सामन्याचं अंतर. नववी इनिंग सुरू झाली तेव्हा डॉजर्स ५-९ असे मागे. जेफ केंटनं होमरन मारला (चेंडू थेट मैदानाबाहेर), पाठोपाठ जे. डी. ड्रूनं. पॅड्रेसनी लगेच ट्रेव्हर हॉफमनला आणलं. आठवड्याच्या आत सर्वाधिक सेव्हचा (शेवटी येऊन आघाडी राखत सामना जिंकून देण्याचा) विक्रम ज्याच्या नावावर लागला, तोच हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा! त्याचा पहिला चेंडू रसेल मार्टिननं बाहेर भिरकावला, दुसरा मार्लन अँडरसननं. ९-९. दहाव्या इनिंगमध्ये पॅड्रेस एका धावेनं पुढे गेले, तर नोमार गार्सियापारानं दोन धावांचा होमरन मारून ११-१० असा सामना संपवला.

याच्यापुढे तीस धावा मला फिक्या वाटतात.

ठाणेकर:
अजिबात पटलं नाही. चार फटके म्हणजे चार माणसं. संघ नऊ जणांचा असतो. रेंजर्सचं शेपूट बघा ना. आठव्या क्रमांकावरचा साल्टालामाकिया आणि नवव्यावरचा रॅमॉन वास्केझ, दोघांनी प्रत्येकी दोन होमरन मारले आणि प्रत्येकी सात धावा घरी आणल्या. तेही ०-३ असे मागे असताना सुरुवात करून. चौथ्या इनिंगला ५, सहाव्याला ९, आठव्याला १०, नवव्याला ६. उरलेल्या पाच इनिंगमध्ये भोपळा. एकूण २९ हिट्स, म्हणजे बेस गाठून देणारे फटके. वरपासून खालपर्यंत सगळे पेटल्याशिवाय हे होत नाही.

निळी टोपी:
तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. सातव्या इनिंगअखेर १४-३ होतं. पुढच्या सोळा धावांना सामन्याच्या दृष्टीनं काय किंमत? वेस लिटलटननं शेवटच्या तीन इनिंग टाकल्या म्हणून नियमानुसार त्याला सेव्ह मिळाला, सत्तावीस धावांच्या विजयात. हॉफमनच्या चेंडूवर मारणं आणि हरलेल्या संघाच्या दमलेल्या पिचरला मारणं, यात फरक करायलाच हवा.

ठाणेकर:
समोरचा दमला म्हणून फलंदाजानं बॅट खाली ठेवायची का? त्या मोसमात तळाशी असलेल्या संघानं तशा सामन्यातही एकेक चेंडू मन लावून खेळला, मला त्याचंच कौतुक आहे.

जर्सीवाली:
दोघेही २५ ऑगस्ट २०११ विसरलात. न्यूयॉर्क यांकीजनी ओकलंडविरुद्ध एका सामन्यात तीन ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर आपले खेळाडू असताना मारलेला होमरन, एकदम चार धावा) मारले. मेजर लीगमध्ये त्याआधी हे कधीच घडलं नव्हतं. १-७ असे मागे होते हो! पाचव्या इनिंगला रॉबिन्सन कानो, सहाव्याला रसेल मार्टिन (हो, तोच), आठव्याला कर्टिस ग्रँडरसन. शेवट २२-९. ग्रँड स्लॅमसाठी आधी तिन्ही बेस भरावे लागतात, म्हणजे मारणाऱ्याआधीच्या तिघांचं काम असतंच. चार खराब चेंडू सोडून वॉक (फुकटचा पहिला बेस) घेणाऱ्यांची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, पण सांघिक फलंदाजी म्हणजे नेमकं तेच. आणि सलग चार होमरन? ते तर बॉस्टननं डॉजर्सनंतर पुढच्याच एप्रिलमध्ये, २००७ ला, मारले, त्यातही दुसरा ड्रूचाच.

कडेलोट:
निळी टोपी, तुम्ही निकालाला फार महत्त्व देताय. सलग चार होमरन पहिल्यांदा मारले मिलवॉकी ब्रेव्हजनी, ८ जून १९६१ ला: मॅथ्यूज, अ‍ॅरन, अ‍ॅडकॉक, थॉमस. सिनसिनाटीकडून १०-८ असे हरले. मग तो पराक्रम छोटा?

निळी टोपी:
हो, माझ्या लेखी थोडा छोटा. डॉजर्सच्या चार फटक्यांनी मोसम हलला. शेवटी दोन्ही संघ ८८ विजय, ७४ पराभवांवर बरोबरीत आले.

कडेलोट:
आणि गटविजेतेपद आपसातल्या सामन्यांच्या हिशेबावर पॅड्रेसनाच गेलं. डॉजर्स वाइल्ड कार्डवर (गटविजेता नसलेल्या संघासाठीची जागा) बाद फेरीत आले. त्या जागेसाठी मागे असलेल्या फिलाडेल्फियाचे विजय ८५. ती रात्र हरले असते तरी ८७ विजयांवर आत आलेच असते. मोसम हलला कुठे?

निळी टोपी:
हा हिशेब ऑक्टोबरमध्ये बसून मांडता येतो. १८ सप्टेंबरला हॉफमनसमोर उभ्या असलेल्या अँडरसनला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझं मत तिथेच आहे.

जर्सीवाली:
आणि माझं तीन ग्रँड स्लॅमवर. सलग चार होमरन नंतर कितीतरी संघांनी मारले, याचं उत्तर अजून आलेलं नाही.