शब्दचर्चा : 'नगरपंचायत' की 'नगरपरिषद'?

झाडीपट्टीकर : कुरखेडा, कोरची, धानोऱ्याकडे लोक सर्रास 'नगरपरिषद झाली' म्हणतात. फलकावर मात्र 'नगरपंचायत'. फरक नावापुरताच का?

शब्दवेल्हाळ : नाही. कायदा दोघींचा एकच, 1965 चा. पण नगरपंचायत ही गावपण सोडून शहर होऊ पाहणाऱ्या वस्तीसाठी. वडसा-देसाईगंजला नगरपरिषद आहे, कोरचीला नाही. गडचिरोली जिल्ह्यात 2015 साली अशा नऊ नगरपंचायतींची पहिली निवडणूक झाली. प्रत्येकीत 17 प्रभाग आणि प्रभागाला एकच नगरसेवक. त्याला 'मेंबर' म्हणायची सवय काही सुटत नाही, सुटायची गरजही नाही.

दप्तरी : अडचण बोलण्यात नाही, अर्जात आहे. आपल्याकडे ग्रामसेवकाला 'सचिव' म्हणतात. नगरपंचायतीत ते पदच नाही; अर्ज 'मुख्याधिकारी, नगरपंचायत' यांच्या नावे करायचा. घराचा 'नमुना 8' हा ग्रामपंचायतीचा कागद. आता मालमत्ता कर आकारणीचा उतारा मागायचा. फेरआकारणीत घर क्रमांक बदललेला असेल, तर जुना नमुना 8 आणि नवा उतारा दोन्ही जोडा. नाहीतर घर तेच असल्याचं पटवून देता देता नाकी नऊ येतात. सातबारा पूर्वीसारखाच पटवाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे.

झाडीपट्टीकर : आणि ग्रामसभा?

दप्तरी : ती ग्रामपंचायतीबरोबरच गेली. रोजगार हमीचं कामही गेलं, कारण केंद्राची ती योजना ग्रामीण भागापुरतीच. घरकुल मागायचं तर ग्रामीण नव्हे, शहरी आवास योजनेत. लोकांना 'शहर' या शब्दाचा खरा अर्थ इथेच कळतो.

शब्दवेल्हाळ : पाचव्या अनुसूचीतल्या, म्हणजे राज्यघटनेनं आदिवासीबहुल म्हणून वेगळ्या ठरवलेल्या भागाचा मुद्दा याहून अवघड आहे, भाऊ. नगरपालिकांविषयीचा राज्यघटनेचा भाग अनुसूचित क्षेत्राला लागू नाही, असं 243 य ग हे कलम सांगतं. संसद कायदा करून तो लागू करू शकते. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना हक्क देणारा कायदा, आहे तो पंचायतींसाठी. म्हणून एटापल्ली, भामरागडसारख्या ठिकाणी 'नगरपंचायत' या शब्दातल्या 'पंचायत'वर भिस्त ठेवून पेसाचे हक्क गृहीत धरू नयेत.

दप्तरी : 'प्रशासक' हाही शब्द नीट वापरा. मुदत संपली आणि निवडणूक लांबली की सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे जातात. इथली दुसरी निवडणूक 21 डिसेंबर 2021 आणि 18 जानेवारी 2022 अशी दोन टप्प्यांत झाली, कारण ओबीसी जागांना न्यायालयाची स्थगिती आल्याने त्या खुल्या करून नंतर घेतल्या. त्याआधी प्रशासक होता. त्या काळातल्या ठरावाला 'नगरपंचायतीने ठरवलं' म्हणणं ढोबळ. 'प्रशासकीय ठराव' म्हणावं, म्हणजे नक्कल मागताना नेमकी नोंद सापडते.