‘हातानं बनवलेली’ क्लासिकल गिटार: हाताचं कौतुक जरा जास्तच होतंय का?

पाव_मिलिमीटर (धागाकर्ता)

तीन गिटारी बनवून झाल्यावर हे लिहितोय. म्हणजे नुसता बघ्या नाही, पण स्वतःला कारागीर म्हणवून घेण्याइतकाही नाही. विषय क्लासिकल, म्हणजे नायलॉनच्या तारांच्या गिटारीचा. ‘हातानं बनवलेली’ हे शब्द लोक असे उच्चारतात, जणू रंध्याला आत्मा असतो. माझं म्हणणं सरळ आहे: हाताच्या नावावर जे श्रेय जमा होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मोजमापाचं आहे. आणि मोजमाप यंत्राला हातापेक्षा चांगलं जमतं.

तबलीचंच घ्या. (तबली म्हणजे वरची फळी, जिच्यावर घोडी, म्हणजे तारा बांधायचा ब्रिज, बसते. साउंडबोर्ड म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं, सतारवाल्यांचा शब्द हाताशी असताना मी नाही म्हणणार.) स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाची तबली साधारण २ ते २.५ मिमी जाड असते. फळीचा ताठपणा जाडीच्या घनावर ठरतो. २.५ ची २.२५ केलीत, तर जाडी १० टक्केच कमी होते, पण ताठपणा २७ टक्के जातो. इतक्या नाजूक ठिकाणी ‘अंगठ्याला कळतं’ हे उत्तर मला पुरत नाही. फळीचं वजन करा, दोन टेकूंवर ठेवा, मधोमध ठरावीक भार द्या आणि ती किती वाकली ते डायल गेजवर वाचा. एकदा रेषांच्या दिशेनं, एकदा आडवी. जाडी किती ठेवायची ते त्या आकड्यांवरून निघतं.

माझी पहिली तबली मी अंगठ्याच्या भरवशावर तासली होती. वाकवून बघायचं, ठोकून बघायचं, अजून थोडी, अजून थोडी. आवाज असा मोकळा आला की महिनाभर मी हवेत होतो. आठव्या महिन्यात तबली घोडीच्या पुढे खचली आणि मागे फुगली. तारा पडद्यांपासून (म्हणजे फ्रेटपासून) इतक्या वर गेल्या, की बाराव्या पडद्यापुढे दाबायला बोट नको म्हणायचं. सहा तारांचा मिळून ४० किलोच्या आसपास ताण असतो, त्याला माझ्या अंगठ्याचं काही कौतुक नव्हतं.

दुसरी आणि तिसरी मोजून केली. दोन्ही धडधाकट आहेत. तर मग हाताचं नेमकं काय, ते सांगा.

सरसाची वाटी

तुमची तबली अंगठ्यानं नाही, घाईनं खचली असेल. चौदा वर्षं हेच काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं गणित चुकीचं नाही. पण ते फळी सारखी आहे असं धरून चालतं, आणि काम तिथून पुढे सुरू होतं. स्प्रूस रेषांच्या दिशेनं आडव्यापेक्षा दहापट, कधी त्याहून जास्त ताठ असतो. हे प्रमाण एकाच ओंडक्याच्या दोन फळ्यांतही बदलतं. तबली तयार झाली की तिच्या पोटाला पट्ट्या चिकटवायच्या. टोरेस या स्पॅनिश कारागिरानं १९व्या शतकात पंख्यासारख्या सात पट्ट्यांची जी मांडणी रूढ केली, तिच्याच पोटभेदांवर आजही निम्मी दुनिया चालते. पट्टी चिकटली की पटाशीनं तिची टोकं उतरवत न्यायची, कडेशी जवळजवळ शून्यावर. माझं सगळं लक्ष त्या तासाभरात असतं. तबली दोन बोटांत एका कोपऱ्याशी लोंबती धरायची आणि घोडीच्या जागी बोटाच्या पेरानं ठोकायचं. आधी नुसतं ‘टक्’ येतं. दोन-चार सालपटं निघाली की त्या आवाजाला शेपूट फुटतं. मग ते लांबत जातं, आणि एका सालपटानंतर लांबायचं थांबतं. तिथे पटाशी खाली ठेवायची. आपण कुठे आहोत ते डायल गेज सांगतं, थांबायचं कुठे ते सांगत नाही.

आणि म्युनिकच्या हाउझर या कारागिराचं बघा. थोर स्पॅनिश वादक सेगोव्हियाची, माद्रिदच्या रामिरेझच्या कारखान्यातली गिटार त्यानं १९२४ मध्ये बारकाईनं मोजली. सेगोव्हियानं आपली मानली ती हाउझर गिटार १९३७ ची. नुसत्या मापानं भागत असतं तर तेरा वर्षं लागली नसती.

पाव_मिलिमीटर

तेरा वर्षं लागली याचा दुसरा अर्थ असा, की हातालाही उत्तर माहीत नव्हतं. आणि शेपटाचं म्हणाल, तर तेही मोजता येतं. माइक ठेवा, ठोका, कुठला सूर किती वेळ टिकतो ते पडद्यावर दिसतं. (संगणकाच्या पडद्यावर. गिटारीवर लिहिताना हा शब्द सारखा आडवा येतो.)

नखं_जपणारा

तुम्ही दोघं तबलीवर भांडा. वाजवणारा म्हणून माझी तक्रार वेगळीच आहे. हातानं बनवलेल्या देखण्या गिटारी मी वाजवल्यात, ज्यांच्यावर सातव्या पडद्यापुढे एकही सूर खरा लागत नाही. तार मोकळी छेडली की स्वर्ग, वर गेलं की कान किटतात.

यात कला नाही, भागाकार आहे. ६५० मिमी लांबीची तार घ्या, १७.८१७ नं भागा, पहिला पडदा ३६.४८ मिमीवर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्यानंच भागत जा, बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, ३२५ ला येतो. जुने लोक सोयीसाठी १८ नं भागायचे. तसं केलं तर बारावा ३२२.६ वर येतो, म्हणजे दोन मिलिमीटरहून जास्त अलीकडे. पडद्यांच्या खाचा यंत्रानं पाडणाऱ्या कारागिराला मी लांबूनच नमस्कार करतो. हातानं पाडल्याचा अभिमान असलेल्यालाही करतो, पण तो निरोपाचा.

दुसरं, ‘हातानं’ म्हणजे ‘जुन्या पद्धतीनं’ हे कुणी ठरवलं? ऑस्ट्रेलियाचा कारागीर स्मॉलमन तबलीखाली पंखा सोडून जाळी बसवतो. बाल्सा या अगदी हलक्या लाकडाच्या पट्ट्या, वर कार्बन फायबर, तबली नेहमीपेक्षा कितीतरी पातळ, पाठ मात्र जडशीळ. जर्मनीत डामान आणि वाग्नर यांनी दुहेरी तबली आणली: दोन पातळ थर, मध्ये हलकं फुलकं पोट. नंतर अनेकांनी तिथे नोमेक्स या हलक्या, कागदासारख्या कृत्रिम पदार्थाची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी घातली. हेही हाताचंच काम आहे.

शिसवी

लाकडाबद्दल कुणी बोलतच नाही! पाठ आणि बाजू शिसवाच्या नसतील तर खर्ज कुठून येणार? ब्राझिलियन रोझवूडची सर कशालाच नाही. १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास बंदीच आहे, आणि खरी गिटार तिथेच संपली असं माझं प्रामाणिक मत आहे.

शंकासुर

@शिसवी, २०१८ मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली होती. सहा गिटारी, बाकी सगळं सारखं, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड निरनिराळं. ५२ वादकांना वेल्डरचे काळे चष्मे लावून वाजवायला दिल्या. लाकडानं म्हणावा असा फरक पडला नाही, ब्राझिलियन रोझवूडचं तेज त्या चष्म्यातून काही दिसलं नाही. गिटारी स्टीलच्या तारांच्या होत्या, हे आधीच मान्य करतो, म्हणजे पुढचे दहा प्रतिसाद वाचतील.

पण नायलॉनवाल्यांसाठी, किंवा तेव्हाच्या आतडीच्या तारांवाल्यांसाठी, खुद्द टोरेसच आहे. १८६२ मध्ये त्यानं एक गिटार केली, तबली स्प्रूसची, पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या. बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात ती आजही आहे.

शिसवी

ती वाजवते कोण आज? संग्रहालयात आहे म्हणजे दाखवायलाच आहे.

सरसाची वाटी

@शंकासुर, आभार, पण ही साक्ष माझ्या बाजूची आहे. पाठ लगद्याची असली तरी चालतं याचा अर्थ सगळं तबलीत आहे, आणि तबलीत म्हणजे तासणाऱ्याच्या हातात.

@शिसवी, तुमचं दुःख मला कळतं. तापल्या नळीवर बाजू वाकवताना शिसवाचा जो वास सुटतो, त्यासाठी मी एरवी मॅपल वापरायचं टाळते. तुमचं म्हणणं मात्र पटत नाही.

@पाव_मिलिमीटर, एक विचारू का? ती खचलेली गिटार उघडून बघितलीत कधी?

पाव_मिलिमीटर

काल उघडली. तुम्ही विचारणार असं वाटलंच होतं. सुरी गरम करून पाठ सोडवली. तबली मोजली तर बहुतेक ठिकाणी २.२. मोजून केलेल्या दुसऱ्या गिटारीचीही २.२ च आहे. म्हणजे अंगठा चुकला नव्हता. घोडीखालच्या दोन पट्ट्यांचा सरस सुटला होता. पट्टी नखानं उचलली तर अख्खी हातात आली, लाकडाचा एक तंतूही चिकटलेला नाही. उदाहरण मागे घेतो. मुद्दा नाही.

सरसाची वाटी

तंतू नाही म्हणजे सरस लागला तेव्हाच गार झाला होता. लाकूड आधी शेकायला हवं, आणि सरस लावल्यावर मिनिटभराच्या आत दाब बसायला हवा. एकदा का त्याची जेली झाली, की वरून कितीही दाबा, तो नुसता बसून राहतो, धरत नाही. वाटीत किती गरम होता?

पाव_मिलिमीटर

बोट बुडवून बघितलं होतं. पुरेसा वाटला.

सरसाची वाटी

अहो, बोट काय बुडवता! वाटीत थर्मामीटर ठेवायचा, ६० अंशांच्या आसपास राखायचा. बोटाचा काय भरवसा?

पाव_मिलिमीटर

ताई, पहिल्या पोस्टपासून मी दुसरं काय म्हणतोय?

सरसाची वाटी

सरसाचं राहू द्या. तबलीचं बोला.