नोकरी मिळाली, पण राहायचं कुठे?

कुणी म्हणतं की 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय ठेवायला लावला, म्हणजे दारं उघडली. उघडली हे खरंच, पण नोकरीजवळ डोक्यावर छप्पर नको का? ऐरोलीत ऑफिसातल्या माझ्या एका ट्रान्स मैत्रिणीसोबत मी जागा बघायला जायचे. फोनवर भाडं, डिपॉझिट सगळं ठरायचं. तिला पाहिलं की एजंट चावी खिशात टाकून मला म्हणायचा, "मॅडम, सोसायटी ऐकणार नाही." तिच्याशी एक शब्द नाही! फार चीड यायची. शेवटी ती कळव्याहूनच ये-जा करत राहिली, रात्रपाळीनंतर पहिल्या लोकलची वाट बघत.

तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या संरक्षणासाठीच्या 2019 च्या कायद्याचं कलम 3 जागा भाड्याने देतानाही भेदभावाला मनाई करतं. सोसायटीच्या सभेत हे वाचून दाखवा. आमच्याकडे मी दाखवलंय.