रात्रपाळी, अपुरी झोप आणि प्रोस्टेटचा कॅन्सर : खरं किती?

उद्यमबागकर : फौंड्रीत सध्या एकच विषय. रात्री जागलं की प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर होतो म्हणायलेत. माणसं 45 ते 55 वयाची, पाळी दर आठवड्याला बदलते, दिवसा पत्र्याखाली जेमतेम 4-5 तास झोप. काहीजण झोपेतून दोन-तीनदा लघवीला उठतात. यात तथ्य किती?

खानापूरकर : आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, रात्रपाळी 2007 मध्ये '2ए' गटात घातली, 2019 मध्ये तिथंच ठेवली. अर्थ : 'बहुधा कारणीभूत'. पण हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. मटणही त्याच गटात आहे! प्रोस्टेटबद्दलचा पुरावा अजून तोकडाच. उलट फौंड्रीचं काम गट 1 मध्ये, म्हणजे 'नक्की कारणीभूत', फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी. तंबाखू आणि दारूही गट 1. शेक-आउट (साचा फोडून ओतीव काढणं), फेटलिंगला (ओतीव घासून साफ करणं) तोंडाला रुमाल बांधून सिलिकाची, म्हणजे वाळूतली, बारीक धूळ अडत नाही, नाकाशी घट्ट बसणारा एन-95 मास्क लागतो. झोपेची काळजी करण्याआधी त्याकडे बघा.

निपाणीकर : लघवीचं उलटंही असतं अण्णा. झोप मोडते म्हणून प्रोस्टेट बिघडतं असं नाही, प्रोस्टेट वाढलं म्हणून झोप मोडते. तीन दिवस मापाच्या मगात लघवी मोजा, वेळ आणि मिली लिहा. समजा 24 तासांत 1,800 मिली झाली आणि त्यातली 700 झोपेच्या वेळेतली, म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. मग साखर, पायाची सूज, झोपण्याआधीचा चहा आणि घोरणं तपासायचं. घोरताना श्वास अडकत असेल तर त्यानंही लघवी वाढते. दर खेपेला 100 मिलीच्या आत, धार बारीक, तर युरॉलॉजिस्टकडे. लघवीत रक्त दिसलं तर मोजत बसू नका, थेट जा.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, करताना लोक चुकतात. लघवीत इन्फेक्शन असताना केला तर आकडा फुगतो, बरं झाल्यावर सहा आठवडे थांबा. आधीचे दोन दिवस संबंध आणि लांबचं सायकलिंग नको. फिनास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटवरची गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच. त्या गोळीनं काही महिन्यांत आकडा निम्म्यावर येतो आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

खानापूरकर : झोपेचं : पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढं सरकवून घ्या, उलटी नको. शेवटचा चहा पहाटे 2 ला. घरी आल्यावर रेंगाळू नका, पत्रा तापायच्या आत आडवं व्हा. खिडकीला काळं कापड. ऊन चढल्यावर झोप मोडतेच, तेव्हा उरलेली दीड तासाची झोप कामावर निघण्याआधी काढा. झोप यावी म्हणून पेग नको, तीन तासांनी तोच जागं करतो.

उद्यमबागकर : उठल्यावरची पहिली लघवी कशात धरायची?

निपाणीकर : झोपेच्या हिशोबात. झोपण्याआधीची मात्र नाही. रात्रपाळीवाल्याची 'रात्र' सकाळी 9 ला सुरू होते, घड्याळ बघून लिहिलं तर सगळा तक्ता चुकतो.