धर्माच्या रकान्यात काय लिहिले? देव न मानणाऱ्या नाशिककरांचे अनुभव

धागाकर्ता, कॉलेज रोड

माझे वडील मागील वर्षी एकोणनव्वदाव्या वर्षी वारले. तरुणपणापासून ते देव मानत नव्हते. घरात देव्हारा नव्हता, आणि कोणी विचारलेच तर "मी निरीश्वरवादी आहे" एवढे सांगून ते विषय संपवीत. शेवटच्या आजारात रुग्णालयाच्या प्रवेश-अर्जावर धर्माचा रकाना होता. तेथे "काही नाही" असे लिही, असे त्यांनी मला सांगितले. खिडकीवरच्या बाईंनी "काहीतरी लिहावेच लागते" म्हणून तेथे "हिंदू" लिहिले आणि घाईत मीही सही केली. रात्री वडिलांनी मला विचारले, "जैनांकडे जग निर्माण करणारा देव नाही, बौद्धांकडेही नाही, तरी त्यांना रकाना आहे. मग मला का नाही?"

मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यासाठी हा धागा काढला आहे. ज्यांना या प्रश्नाला स्वतःच्या आयुष्यात तोंड द्यावे लागले, मग ते शाळेच्या दाखल्यावर असो, लग्नात असो, दहाव्याला असो किंवा जनगणनेच्या वेळी असो, त्यांनी घडले तसे लिहावे. ईश्वर आहे की नाही हा वाद येथे नको. ईश्वरावाचून धर्म असू शकतो का, आणि नुसती अश्रद्धा हा धर्म ठरतो का, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

म्हसरूळ, गृहिणी

आम्ही दिगंबर जैन. ज्या डोंगराला नाशिककर चांभार लेणी म्हणतात, ते आमचे गजपंथ सिद्धक्षेत्र आहे आणि आमचे घर त्याच्या पायथ्यापासून फार लांब नाही. माझा मुलगा चार वर्षांचा असताना तापाने फणफणला होता. तिसऱ्या रात्री मी मूर्तीपुढे हात जोडून नवस बोलू लागले, तेव्हा सासूबाईंनी मला हलकेच थांबविले आणि म्हणाल्या, "तीर्थंकर वीतराग आहेत. ते कोणावर रागावत नाहीत आणि कोणावर प्रसन्नही होत नाहीत. त्यांच्यासारखे व्हायचे असते, त्यांच्याकडे मागायचे नसते."

त्या रात्री मला हे वाक्य फार कठोर वाटले. मुलगा औषधाने बरा झाला. ते वाक्य मात्र कळायला मला काही वर्षे लागली. णमोकार मंत्रात अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू अशा पाचांना नमस्कार आहे, पण त्यात एकही मागणे नाही आणि जगाच्या कर्त्याचा उल्लेखही नाही. आमच्या मते जग अनादी आहे. स्वर्गातले देव आहेत, पण तेही कर्माने बांधलेले आहेत आणि त्यांनाही पुन्हा जन्म घ्यावा लागतो. एवढे असूनही दशलक्षण पर्वातले दहा दिवस, उपवास, क्षमावाणीच्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांची मागितलेली क्षमा, सूर्यास्तापूर्वीचे जेवण, या सगळ्यांनी माझा दिवस आणि माझे वर्ष बांधलेले आहे. ज्याने माणूस इतका बांधला जातो त्याला धर्म म्हणायचे नाही, तर दुसरे काय म्हणायचे?

प्रामाणिकपणे हेही लिहिते की आमच्यातले अनेकजण पद्मावतीमातेकडे आणि क्षेत्रपालाकडे मागणे मागतात. मीही मागितले आहे. तत्त्वज्ञान निरीश्वर असले तरी आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई त्या तत्त्वज्ञानात नेहमीच मावते असे नाही.

नाशिकरोड, सेवानिवृत्त छापखाना कामगार

ताईंचा अनुभव वाचून आजीची आठवण झाली. आजोबा १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात होते. २ मार्च रोजी सुरू झालेला तो लढा पुढे काही वर्षे चालला आणि तरीही मंदिराचे दार उघडले नाही, हे आमच्या घरात आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली आणि एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला दीक्षा घेतली. त्यानंतर आजीने देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि स्वतःच्या हाताने गोदावरीत सोडले. पहिले वर्षभर घरात कोणी शिंकले तरी तिच्या पोटात भीतीचा गोळा येई, असे ती सांगत असे. पण तिने टाक परत आणले नाहीत. बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ होत्या आणि अक्षर न येणाऱ्या त्या बाईने त्यातली प्रत्येक प्रतिज्ञा पाळली.

कारखान्यात एक सहकारी मला नेहमी म्हणत, "तुम्हीही मूर्तीला फुले वाहता, मेणबत्ती लावता, मग बुद्ध तुमचा देवच झाला की." मी त्यांना सांगे की आम्ही त्रिशरण म्हणतो तेव्हा शरण जातो ते मार्ग दाखविणाऱ्याला, तो आमच्यासाठी पाऊस पाडील म्हणून नव्हे. बाबासाहेबांनी धर्म आणि धम्म यांत फरक केला आहे. धर्माचा संबंध ईश्वर, आत्मा, प्रार्थना, कर्मकांड यांच्याशी, तर धम्माचा संबंध माणसाने माणसाशी कसे वागावे याच्याशी, असा तो फरक आहे. म्हणून आपला धम्म हा त्या अर्थाने धर्मच नाही, असे आमच्या विहारातले काहीजण मानतात. मला त्यांचे म्हणणे पटते, आणि तरीही रकान्यात मी "बौद्ध" असेच लिहितो. याचे कारण व्यवहारातले आहे. अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला. तोवर केंद्राच्या सवलतीसाठी आमच्या कितीतरी मुलांना कागदावर जुनाच धर्म वागवावा लागला. माझ्या दाखल्यावर एक आणि धाकट्या भावाच्या दाखल्यावर दुसरे, असे आमच्या घरात आहे.

धागाकर्त्या दादांना नम्रपणे सांगतो, की हा रकाना आम्हाला देव नाकारल्यामुळे मिळालेला नाही. एका समाजाने एकत्र येऊन प्रतिज्ञा घेतल्या, लग्नाचा आणि मरणाचा विधी बदलला, मुलांना ते शिकविले, त्यातून तो मिळाला. तुमच्या वडिलांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण ते त्या वाटेवर एकटे होते.

इंदिरानगर, शिक्षिका

२०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होते. सहा धर्मांना एक ते सहा असे संकेतांक होते आणि इतर कोणी असल्यास नाव पूर्ण लिहायचे होते. माझ्या गटातल्या एका वयस्कर गृहस्थांनी "धर्म नाही" असे सांगितले आणि मी तसेच लिहिले. पर्यवेक्षकांनी मला दोनदा विचारले, पण खोडले नाही. त्या जनगणनेत धर्म न सांगितलेल्यांची संख्या २८ लाखांहून अधिक होती, म्हणजे लोकसंख्येच्या ०.२४ टक्के. ही सगळी माणसे नास्तिक होती असे मुळीच नाही. काहींनी सांगितले नसेल, काहींना विचारलेच गेले नसेल. म्हणून या आकड्यावरून कोणी मोठा निष्कर्ष काढू नये.

गंगापूर रोड, वकील

कायद्याची बाजू लिहितो, कारण येथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळत आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच दिले आहे. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की धर्म ईश्वरवादीच असला पाहिजे असे नाही, आणि उदाहरण म्हणून बौद्ध व जैन या धर्मांचीच नावे घेतली. त्यामुळे ईश्वराशिवाय धर्म असू शकतो, याबद्दल भारतीय कायद्यात शंका उरलेली नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६१ मध्ये टॉर्कासो खटल्यातील एका तळटीपेत, ईश्वर न शिकविणाऱ्या धर्मांत बौद्ध व ताओ यांच्याबरोबर धर्मनिरपेक्ष मानवतावादाचाही उल्लेख केला. ती तळटीप होती, निर्णय नव्हता. तरी तिच्यावरून तेथे पुढे बराच वाद झाला.

दुसरा प्रश्न नुसत्या अश्रद्धेचा. आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्माच्या आधी सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आले आहे, आणि माझ्या मते नास्तिकाचे घर त्या शब्दांत आहे. त्याला संरक्षण मिळावे म्हणून त्याच्या विचाराला धर्म ठरविण्याची गरज नाही. आपल्याच नाशिकमधील एका शिक्षकांनी शाळेतील प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला आणि त्यामुळे त्यांचा वेतनलाभ अडला, तेव्हा २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. पुढच्याच वर्षी याच न्यायालयाने सांगितले की कोणत्याही शासकीय अर्जावर धर्म जाहीर करण्याची सक्ती करता येत नाही आणि आपला कोणताही धर्म नाही असे नागरिक म्हणू शकतो. म्हणजे सर, तुमच्या वडिलांचे उत्तर रास्त होते.

पण पूर्ण चित्र सांगितले पाहिजे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना तर लागू आहेच, शिवाय मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तो लागू धरला जातो. म्हणून हिंदू घरात जन्मलेला नास्तिक लग्नाच्या आणि वारशाच्या कायद्यात हिंदूच राहतो. माझ्याकडे इच्छापत्र करायला येणाऱ्या निरीश्वरवादी अशिलांना हे ऐकून वाईट वाटते आणि त्यांचे वाईट वाटणे मला समजते.

सिडको, अभियंता

आम्ही दोघांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या, एवढेच. याच नावाच्या १८७२ च्या जुन्या कायद्यात वधूवरांना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याच धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे, हे मला नंतर वाचनात आले. तेव्हा ज्यांनी श्रद्धा असतानाही लग्नासाठी तसे लिहून दिले असेल, त्यांच्या मनाला काय वाटले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या मुलीच्या जन्मनोंदणीत आई-वडिलांच्या धर्माचा रकाना आला, तेव्हा आम्ही दोघांनी "नाही" असे लिहिले.

पंचवटी, निवृत्त संस्कृत शिक्षक

मी रोज संध्या करणारा माणूस आहे, तरीही येथे लिहावेसे वाटले. "नास्तिक" हा शब्द आपण आज देव न मानणारा या अर्थाने वापरतो, पण परंपरेत तो अर्थ नव्हता. पाणिनीच्या सूत्रानुसार "नाही" अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि टीकाकार तेथे परलोक नाही असा अर्थ घेतात. मनूने वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटले. त्यामुळे जगाचा कर्ता ईश्वर नाही असे सविस्तर मांडणारे मीमांसक कुमारिल भट्ट आस्तिक ठरले, ईश्वराचा आधार न घेणारे सांख्यही आस्तिक ठरले, आणि परलोक व कर्म मानणारे जैन-बौद्ध नास्तिक ठरले. फक्त चार्वाक सर्व कसोट्यांवर नास्तिक होते. त्यांचे विधी, त्यांचे मठ, त्यांची दीक्षा यांची काहीच परंपरा आपल्यापर्यंत आलेली नाही, आणि त्यांचे विचारही बहुतांशी विरोधकांच्या ग्रंथांतूनच कळतात. नाशिकरोडच्या बंधूंनी एकटेपणाविषयी लिहिले, ते वाचून मला चार्वाकांची आठवण झाली.

पंचवटी, रामकुंडाजवळ, गृहिणी

माझे यजमान विज्ञान शिकवीत. देहदान करायचे आणि दहावे-तेरावे काही करायचे नाही, असे त्यांनी लिहून ठेवले होते. ते गेले त्याच दिवशी आम्ही देह वैद्यकीय महाविद्यालयाकडे सुपूर्द केला. सासरच्यांना ते सहन झाले नाही. दहाव्या दिवशी दिरांनी दर्भाचा पुतळा करून रामकुंडावर विधी केला. मी गेले नाही, पण आमच्या गच्चीतून घाट दिसतो, त्यामुळे मला सगळे दिसले.

आता जे लिहिते ते कोणाला सांगितलेले नाही. त्या सकाळी माझ्याकडे करण्यासारखे काहीच नव्हते. भाऊजींना कावळ्याची वाट पाहायची होती, भटजींनी सांगितले तसे पाणी सोडायचे होते. त्यांचे दुःख कुठेतरी ठेवायला जागा होती. माझे हात रिकामे होते. दुपारी यजमानांचे जुने विद्यार्थी आले. त्यातल्या एकीने त्यांची वही काढली आणि त्यांनी शिकविलेला ग्रहणाचा धडा मोठ्याने वाचला. मग दुसऱ्याने एक वाचला. संध्याकाळपर्यंत आम्ही तेच केले. पुढच्या वर्षीही त्याच तारखेला ती मुले आली. यंदा चौथे वर्ष आहे आणि आता येताना ती स्वतःची मुलेही आणतात.

याला काय म्हणायचे ते मला माहीत नाही. माझ्या पतीला याला धर्म म्हटलेले आवडले नसते, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकते.

धागाकर्ता, कॉलेज रोड

सर्वांचे मनापासून आभार. रामकुंडाजवळच्या वहिनी, तुमचा अनुभव मी आईला वाचून दाखविला. तिने तो दुसऱ्यांदा वाचायला लावला.

वडिलांच्या प्रश्नातील तुलना मला आता चुकीची वाटते. जैनांना आणि बौद्धांना त्यांनी एका नकारात बसविले होते, पण त्या दोन्ही परंपरांत नकार हा फार छोटा भाग आहे. व्रत, संघ, मुक्तीचा मार्ग, मुलांना दिलेली शिकवण हे सारे तेथे आहे आणि ते धर्मच आहेत. वडिलांकडे फक्त त्यांची खरे बोलण्याची निष्ठा होती. तिला धर्म म्हणून मी तिचा मान वाढवीन असे मला वाटत नाही, आणि तिच्यावर दुसऱ्या धर्माचे नाव लिहिले गेले याचे दुःखही त्यामुळे कमी होत नाही. वकील साहेबांनी सांगितलेला २०१४ चा निर्णय मला त्या दिवशी माहीत असता, तर मी त्या खिडकीवर सही केली नसती.

येत्या जनगणनेत मी स्वतःसाठी "धर्म नाही" असे लिहिणार आहे. आई "हिंदू" असे लिहिणार आहे, कारण ती रोज तुळशीला पाणी घालते. वडील असताना ती ते मागच्या अंगणात घालीत असे.

देवळाली कॅम्प आणि सातपूर येथील ज्या दोघांनी लिहितो असे कळविले आहे, त्यांनी सवडीने लिहावे. धागा उघडा आहे.