शब्दचर्चा: सेन्सरची 'संवेदनशीलता' म्हणजे नेमकं काय?

मधुरा: डिप्लोमाच्या मुलांसाठी हॉल सेन्सरने (चुंबकीय क्षेत्रानुसार व्होल्टेज देणारा सेन्सर) करंट मोजण्यावर टिपण लिहितेय. 'सेन्सिटिव्हिटी'ला काय लिहू? 'संवेदनशीलता' लिहिलं की कवीच डोळ्यांसमोर येतो. :)

वायरमन_नाना: येऊ दे की. 'संवेदनक्षमता'ही चालतं. संवेदनशीलता म्हणजे मोजायच्या गोष्टीच्या दर एककाला सेन्सर किती व्होल्टेज देतो ते, म्हणून फक्त पुढे एकक लिहा, नाहीतर वाक्य अधांतरी राहतं. एसीएस७१२ या हॉल सेन्सरच्या चिपचा ५ अँपिअरवाला प्रकार दर अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट देतो, ३० वाला ६६. आकडा मोठा म्हणजे माल भारी असं नाही, मोजमापाचा पल्ला आखूड होतो.

तळटीप (हे सदस्याचं टोपणनाव): मुलं हमखास 'संवेदनशील म्हणजे अगदी थोडा करंटही ओळखणारा' असं लिहितात. ती विभेदनक्षमता, वेगळी गोष्ट. १० बिटच्या अर्डुइनोला (छोटा कंट्रोलर बोर्ड, व्होल्टेज १०२४ पायऱ्यांत मोजतो) ५ व्होल्टमध्ये एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे त्या १८५ वाल्या चिपवर २६ मिलिअँपिअर. त्यात चिपचा स्वतःचा नॉईज (सिग्नलमधली नकोशी चढउतार). पुढे अँप्लिफायर जोडलात तर सिग्नलबरोबर तोही फुगतो.

मधुरा: मग 'संवेदनशीलता वाढवणे' या मथळ्याखाली लिहू काय?

वायरमन_नाना: चुंबकीय क्षेत्र वाढवा. सरळ तारेत १ अँपिअर असेल तर १ सेंटिमीटरवर जेमतेम २० मायक्रोटेस्ला. पृथ्वीचं क्षेत्रच आपल्याकडे ४०च्या आसपास, त्यात हे काय दिसणार! तीच तार फेराइटच्या (चुंबकीय क्षेत्र एकवटणारा पदार्थ) कड्यातून घाला, कड्याला १ मिलिमीटरची खाच पाडा आणि सेन्सर खाचेत बसवा: सव्वा मिलिटेस्ला. साठपटीहून जास्त. लोड किरकोळ असला की आम्ही क्लॅम्प मीटरच्या (तारेभोवती जबडा लावून करंट मोजणारं मीटर) जबड्यातून तारेचे दहा वेढे घेतो आणि रीडिंगला दहाने भागतो, तसे वेढे इथेही घेता येतात.

तळटीप: पण नाना, यात सेन्सर होता तिथेच आहे. त्याचे दर मिलिटेस्लाचे मिलिव्होल्ट बदलले नाहीत, दर अँपिअरचे बदलले. संवेदनशीलता वाढली ती अख्ख्या जोडणीची. सेन्सरचीच वाढवायची तर हॉलऐवजी टीएमआर (जास्त संवेदनशील असा दुसऱ्या प्रकारचा चुंबकीय सेन्सर) घ्यावा लागेल. मधुराताई, 'कशाची' आणि 'दर कशाला' हे दोन्ही लिहाच.

वायरमन_नाना: मान्य. आणि कड्याची खोडही लिहा: मोठा करंट जाऊन गेला की त्यात थोडं चुंबकत्व मागे राहतं, मग तार बंद असूनही मीटर काहीतरी दाखवतो.

मधुरा: त्याला 'उरलेलं चुंबकत्व' म्हणू?

तळटीप: कंसात म्हणा. मुख्य शब्द 'अवशिष्ट चुंबकत्व'.